मल्टिपल स्क्लेरोसिस असताना व्यायाम कसा करावा
मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मज्जातंतूंवरील मायलिनचे आवरण खराब होते आणि शरीर तापले की अशा तंतूंतून जाणारे संदेश अधिकच मंदावतात. म्हणून कोल्हापूरच्या चैत्र-वैशाखात रंकाळ्याकाठचे चालणे ऊन चढण्यापूर्वीच उरकावे, सोबत थंड पाणी आणि मानेभोवती ओला पंचा ठेवावा. तोल जात असेल तर खुर्चीत बसून केलेला व्यायामही तितकाच खरा असतो, हे तालमींच्या या गावात मुद्दाम सांगावेसे वाटते. सुरुवात १० मिनिटांनी करून, फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने आठवड्यातून २ दिवस ३० मिनिटांपर्यंत यावे. स्नायूंच्या बळकटीचे व्यायामही आठवड्यातून २ वेळा करावेत. मध्येच दृष्टी अंधुक झाली किंवा पाय जड पडले, तर सावलीत बसावे. अंग निवल्यावर हा त्रास सहसा ओसरतो, त्यामुळे घाबरून व्यायाम सोडू नये. तो दिवसभराहून अधिक टिकल्यास मात्र डॉक्टरांना दाखवावे.