पोर्तुगीज काळातला खाणीचा कागद हाती आहे? या चुका टाळा

गोव्यातील डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांत पोर्तुगीज शिक्क्याचे खाणीचे कागद आजही घराघरांत जपून ठेवलेले सापडतात. वाटण्या सुरू झाल्या, लिलावाची बातमी आली किंवा शेतात खाणीची माती उतरली की ते बाहेर निघतात. मग वकिलाकडे धाव घेतली जाते आणि पहिल्याच भेटीत तारखांचा घोळ होतो.

'आमची सवलत कायमची आहे'

1906 च्या पोर्तुगीज हुकूमनाम्याखाली दिलेल्या खाण सवलतींना (म्हणजे खनिज काढण्याच्या हक्कांना), अटी पाळल्या जात असतील तोवर, मुदत नव्हती. त्यामुळे हा समज पसरला. याच्या नेमका उलट समजही ऐकू येतो, की गोव्याच्या मुक्तीबरोबर 1961 मध्येच सगळे रद्द झाले. दोन्ही चुकीचे आहेत.

मुक्तीनंतरही या सवलती चालूच राहिल्या. भारताचा खाणकायदा गोव्याला 1963 मध्ये लागू झाला. 1975 मध्ये सरकारने सवलतींना खाणपट्टे (खाणीची मुदतीची लीज) ठरवण्याचा प्रयत्न केला, पण या सवलती म्हणजे खाणपट्टे नव्हेत असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने 1983 मध्ये दिला. म्हणून संसदेला वेगळा कायदा करावा लागला. 23 मे 1987 रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याने सवलती मागल्या तारखेने, म्हणजे 20 डिसेंबर 1961 पासून, संपुष्टात आणल्या आणि त्यांना खाणपट्टे मानले. या मानीव पट्ट्यांची मुदत 22 नोव्हेंबर 1987 ला संपली आणि पहिले नूतनीकरण 22 नोव्हेंबर 2007 ला. त्यानंतर काढलेला माल बेकायदा, असे सर्वोच्च न्यायालयाने 21 एप्रिल 2014 ला सांगितले. पुढे 88 पट्ट्यांचे दुसरे नूतनीकरण झाले, तेही 7 फेब्रुवारी 2018 ला रद्द ठरले.

तुमचा कागद या साखळीत कुठे तुटतो ते आधी तपासा. नोटीस पाठवण्याचा विचार त्यानंतर.

पन्नास वर्षे चुकीच्या दिवसापासून मोजणे

खाणकायद्यातील 2015 च्या दुरुस्तीने खाणपट्ट्यांना पन्नास वर्षांची मुदत आली आणि अनेकांच्या आशा पालवल्या. टी. सी. क्रमांकात (सवलतीच्या कागदावरील क्रमांकात) तिरप्या रेघेनंतर सवलतीचे वर्ष असते, तिथून कोणी मोजले. खाण कंपनीच्या बाजूने 1987 पासून मोजून 2037 पर्यंत हक्क सांगितला गेला. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो दावा फेटाळला. तरीही आज कोणी 2037 चा आधार देऊन करार पुढे केला तर सही करू नका. गावकऱ्यांना असे कागद दाखवले जातात याचा मला फार राग येतो, कारण त्यांच्याकडे तपासायला वेळ नसतो आणि पैसाही नसतो.

जमीन आणि खनिज एकच समजणे

एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातील जमिनीच्या हक्कनोंदीवर) भाटकाराचे, म्हणजे जमीनमालकाचे, नाव आहे म्हणून खालचे लोखंड त्याचे होत नाही. पण पट्टा दुसऱ्याच्या नावावर आहे म्हणून जमीनवाल्याचा हक्कही बुडत नाही. खाणकायद्याच्या कलम 24-अ खाली पृष्ठभागाच्या नुकसानीची भरपाई पट्टेदाराने द्यायची असते आणि रक्कम राज्य सरकार ठरवते. शेतात गाळ आला असेल तर 'खाण कोणाची' या वादात पडू नका. पंचनामा करून घ्या, गाळ काढण्याआधी फोटो घ्या आणि थेट भरपाईचा अर्ज करा.

वारसांनी खाणीत वाटा मागणे

पट्टाच संपला असेल तर वाटा मागणार कशात? वाद उरतो तो मागच्या उत्पन्नाच्या हिशेबाचा. कुटुंबाने खाण दुसऱ्याला चालवायला दिली असेल तर सरकारची लेखी परवानगी होती का ते पाहा. 1960 च्या नियमांतील नियम 37 ला ती लागायची, आणि कितीतरी करार तिच्याशिवायच झाले. डिसेंबर 2022 पासून सरकारी लिलावात गेलेल्या खाणींच्या गटांवर जुन्या सवलतीच्या जोरावर हक्क सांगणेही व्यर्थ आहे.

कागद न वाचता दाव्यात उतरणे

मूळ पोर्तुगीज मजकुराचे प्रमाणित भाषांतर करून घ्या. पणजीच्या खाण संचालनालयातील फाइल माहिती अधिकारात पाहा. हद्दीचा नकाशा आजच्या सर्व्हे क्रमांकांशी जुळवून घ्या, कारण जुनी हद्द आणि आजचे सर्व्हे क्रमांक एकमेकांवर बसतीलच असे नाही. पट्ट्याबाहेर टाकलेल्या मातीच्या ढिगाचा प्रश्न असेल तर हा नकाशा सगळ्यात आधी लागेल: 2014 च्या निकालाने पट्ट्याच्या हद्दीबाहेर माल टाकायला मनाई केली आहे.