कॉलेजच्या संघाचे पाठीराखे व्हायचे असेल तर

पुरुषोत्तम करंडकाची फेरी असली की भरत नाट्य मंदिरात बसायला जागा मिळत नाही आणि ‘अरे आव्वाज कुणाचा’ ही आरोळी बाहेर रस्त्यावर ऐकू येते. १९६३ पासून चालत आलेल्या या एकांकिका स्पर्धेने पुण्यातल्या विद्यार्थ्यांना कॉलेजच्या नावाने घसा कोरडा करायला शिकवले, असे म्हणायला हरकत नाही. मात्र त्याच कॉलेजचा कबड्डीचा संघ एखाद्या मंगळवारी सकाळी नऊला आंतरमहाविद्यालयीन सामना खेळत असतो, तेव्हा मैदानाच्या कडेला राखीव खेळाडू, क्रीडा संचालक आणि पाण्याचा जार यांच्याखेरीज सहसा कोणी नसते. अशा सामन्याला दहा जण गेले तरी ती गर्दी ठरते, आणि दहा जणांत प्रत्येकाचा आवाज वेगळा ऐकू येतो, चुकीचा आवाजसुद्धा. म्हणून पाठीराख्याने आधी खेळ समजून घ्यावा आणि घोषणांचा विचार नंतर करावा.

सामना कधी आणि कुठे आहे हे शोधणे हे पहिले काम, आणि ते वाटते तितके सोपे नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या स्पर्धा आधी पुणे शहर, पुणे जिल्हा, अहिल्यानगर आणि नाशिक अशा विभागांत होतात, त्यानंतर आंतरविभागीय स्पर्धा होते आणि तेथून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. भाग्यपत्रिका, म्हणजे कोणाचा सामना कोणाशी आणि केव्हा हे सांगणारा तक्ता, जिमखान्यात येते, तेव्हा सत्राच्या सुरुवातीलाच जिमखान्यात जाऊन ती कोण लावतो आणि कुठे लावतो हे विचारून ठेवावे. बऱ्याच स्पर्धा बाद पद्धतीने होत असल्यामुळे पहिल्याच सकाळी हरलेल्या संघाचे वर्ष तेथेच संपते. ‘उपांत्य फेरीत पोहोचले की जाऊ’ असे ठरवणाऱ्याला बहुतेक वर्षी जावेच लागत नाही. सामन्याच्या आदल्या रात्री कर्णधाराला एकदा फोन करावा. हा फोन न केल्यामुळे मी एकदा दोन बस बदलून एका मैदानावर पोहोचलो, तेथे माळीकाका पाणी मारत होते आणि सामना शहराच्या दुसऱ्या टोकाला सुरू झाला होता.

हजेरीचा हिशेबही आधीच करावा. खेळाडूंना जिमखान्याच्या पत्रावर सवलत मिळते, प्रेक्षकाला मिळत नाही, आणि ७५ टक्क्यांची अट दोघांनाही ठाऊक असते. वर्षभरात सगळ्या खेळांच्या मागे धावण्यापेक्षा दोन संघ निवडावेत, त्यांपैकी एक मुलींचा असावा, आणि त्या दोन्ही संघांचा एकही सामना चुकवू नये.

आता खेळाकडे वळू. कबड्डीत चढाई ३० सेकंदांची असते आणि चढाई करणाऱ्याचा दम, म्हणजे ‘कबड्डी, कबड्डी’ हा घोष, पंचांना स्पष्ट ऐकू यावा लागतो. तो ऐकू आला नाही तर पंच चढाई थांबवून प्रतिस्पर्ध्याला गुण देऊ शकतात. याचा अर्थ असा की आपला गडी चढाईला गेलेला असताना रेषेला चिकटून आरडाओरडा करणे म्हणजे त्याच्याच पायात पाय घालणे होय. तो मध्यरेषा ओलांडून परत आला, की मग काय तो गजर करावा. आपल्या बाजूचे तीनच गडी उरले असतील तर घाबरून गप्प बसू नये, कारण तीन किंवा त्याहून कमी जणांनी केलेल्या पकडीला, म्हणजे अव्वल पकडीला, दोन गुण मिळतात आणि सामना तेथेच फिरतो. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर गडी बाद होतो. हा हिशेब बोटांवर ठेवणाऱ्या पाठीराख्याला कोणत्या क्षणी टाळ्या द्यायच्या हे सांगावे लागत नाही. पुरुषांचा डाव वीस-वीस मिनिटांचा आणि महिलांचा पंधरा-पंधरा मिनिटांचा असतो, तेव्हा घसा त्या बेताने वापरावा.

खो-खो हा तर पुण्याच्या घरचाच खेळ. त्याचे पहिले नियम १९१४ मध्ये डेक्कन जिमखान्यावर तयार झाले. या खेळात प्रेक्षकाने पाळायचा एकच नियम आहे आणि तो मी स्वतः मोडलेला आहे. प्रथम वर्षाला असताना, आमचा आक्रमक प्रतिस्पर्ध्याच्या अगदी पाठीशी पोहोचलेला पाहून मी उत्साहाच्या भरात कडेवरून ‘खो!’ असे ओरडलो. आमचाच बसलेला एक गडी त्या आवाजावर उठला, पंचांची शिट्टी वाजली, आणि तेवढ्यात संरक्षक हुलकावणी देऊन खांबापलीकडे निघून गेला. त्या मुलाने वळून माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मला अजून आठवते. खो-खोच्या मैदानाजवळ तो शब्द तोंडातून काढू नये. नाव घ्यावे, टाळी वाजवावी. आपला संरक्षक आत असताना घड्याळ लावावे आणि त्याने किती वेळ काढला हे त्याला बाहेर आल्यावर सांगावे. दमून मांडीवर हात टेकून उभ्या असलेल्या खेळाडूला ‘एक चाळीस’ एवढे दोन शब्द कोणत्याही घोषणेपेक्षा जास्त हवे असतात.

बॅडमिंटन आणि टेबल टेनिसमध्ये सर्व्हिसच्या वेळी शांत राहावे, बुद्धिबळाला जायचे असेल तर फक्त डब्यासह जावे, व्हॉलीबॉलला मन मानेल तसे ओरडावे.

घोषणा छोट्या असाव्यात आणि त्यांत खेळाडूचे नाव असावे. मुलींच्या सामन्याला जाताना मात्र कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल हे संघालाच आधी विचारावे, कारण अनोळखी मुलांच्या घोळक्याने नावाने पुकारणे प्रत्येकीला सुखाचे वाटेलच असे नाही. वाद्यांपैकी ढोल टाळावा, असे माझे मत आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चांगले वादक पथकांच्या सरावात अडकलेले असतात, आणि बंदिस्त हॉलमध्ये ढोलाचा आवाज इतका घुमतो की पंचांची शिट्टी ऐकू येत नाही. हलगी हलकी असते, बसमध्ये मांडीवर मावते आणि कुस्तीच्या फडापासून मैदानाशी तिचे नाते आहे. चामड्याची असेल तर पावसाळी हवेत ती सैल पडते आणि ‘थाड’ ऐवजी ‘थप’ असा ओला आवाज येतो. तेव्हा मैदानापासून दूर, चार कागद पेटवून, पान आचेवर फिरवत शेकून घ्यावी आणि बोटाने टिचकी मारून पाहावी. वाजवण्यापूर्वी यजमान कॉलेजच्या क्रीडा संचालकांची परवानगी घ्यावी. ते नाही म्हणाले तर टाळ्या आहेतच.

पंचांच्या निर्णयावर बोलण्याचा अधिकार कर्णधाराला असतो, प्रेक्षकाला नसतो. कडेवरच्या शिवीगाळीबद्दल समज आपल्याच संघाला मिळते, आणि पुढच्या वर्षी त्याच मैदानावर त्याच पंचांसमोर आपल्यालाच उतरायचे असते. प्रतिस्पर्ध्याची जात, गाव, बोली किंवा रंग यांवरून आलेली आरोळी आपल्या घोळक्यातून उठली, तर ती आपणच तेथल्या तेथे थांबवावी.

संघ हरला तर लगेच विश्लेषण करू नये. मॅटच्या कडेला पडलेल्या बाटल्या गोळा कराव्यात, कुणाची बॅग उचलावी, घोटा मुरगळलेल्याला रिक्षापर्यंत आधार द्यावा आणि सगळ्यांना जवळच्या अमृततुल्यात न्यावे. सामन्याचा विषय खेळाडूने काढेपर्यंत आपण काढू नये. बहुधा तो दुसऱ्या कपाला निघतो.

यानंतर एक गंमत होते, ती नव्या पाठीराख्याला ठाऊक नसते. ज्या चढाईपटूने आपल्याला हरवले, तोच पुढे विद्यापीठाच्या संघात निवडला जातो आणि पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत आपल्या कर्णधाराच्या शेजारी, त्याच रंगाची जर्सी घालून उभा राहतो. म्हणून हरलेल्या दिवशीच चहाला जाण्यापूर्वी त्याचे नाव विचारून घ्यावे.