चातुर्मासातला उद्योग: अगरबत्तीच्या धुराचे फोटो

आषाढी झाली की आमच्या लग्नाच्या फोटोग्राफीच्या धंद्याला कुलूप. तुळशीचं लग्न लागेपर्यंत मुहूर्त नाहीत, म्हणजे लग्नाच्या ऑर्डरी नाहीत. फ्लॅश, ट्रिगर (कॅमेऱ्यापासून दूर ठेवलेला फ्लॅश पेटवणारं यंत्र), स्टँड सगळं बॅगेत पडून. कराडात पावसानं ठाण मांडलेलं. अशाच एका जुलैत मी देवघरातला अगरबत्तीचा पुडा आतल्या खोलीत नेला आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात धुराचे फोटो काढतोय. आईचं म्हणणं अजून तेच आहे: "देवाला एक आणि तुला वीस?"

पहिल्या रात्री साडेतीनशे फोटो काढले. एकही कामाचा निघाला नाही. काळं म्हणून लावलेलं कापड राखाडी आलं होतं आणि धूर म्हणजे नुसता कापूस पिंजल्यासारखा. फ्लॅशचा उजेड कापडावर सांडत होता, आणि पंखा बंद केल्या केल्या मी फोटो काढायला बसलो होतो. पुढे जे सांगतोय ते या दोन चुकांमधून शिकलेलं आहे.

आधी काळोख. मॅचिंग सेंटरमधून दीड मीटर काळं वेल्वेट आणा. काळा चार्टपेपर स्वस्त पडतो, पण तो चमकतो; वेल्वेट उजेड गिळून टाकतं. कापड धुरापासून किमान एक-दीड मीटर मागे टांगा. त्यामुळे उजेडही पोचत नाही आणि ठिणगी उडण्याची भीतीही नाही. अगरबत्ती खोचायला केळं घ्या, त्याच्याइतका भरवशाचा स्टँड बाजारात मिळत नाही. खाली पाणी घातलेली ताटली ठेवा, राख त्यातच पडेल.

कॅमेरा धुरापासून दोन फुटांवर, ५० मिलिमीटरची साधी लेन्स, फ्रेम उभी. पेटतं टोक फ्रेमच्या खाली, बाहेर ठेवायचं. ते फोटोत आलं की बघणारा म्हणतो, "अगरबत्ती आहे होय!" आणि तिथेच बघणं थांबवतो.

फ्लॅश कॅमेऱ्यावर लावू नका. तो धुराच्या बाजूला, फूट-दीड फुटावर आणि जरासा मागे सरकवून ठेवा. मागे का, ते जुन्या कौलारू घरात राहिलेल्याला सांगावं लागणार नाही. काचेच्या कौलातून पडलेल्या कवडशातली धूळ उजेडाकडे तोंड करून पाहिली तर लखलखते आणि उजेडाकडे पाठ केली तर दिसेनाशी होते. असे बारीक कण उजेड मागे परतवण्यापेक्षा पुढे जास्त फेकतात. धुराचंही तेच. फक्त फ्लॅश थेट लेन्समध्ये डोकावता कामा नये, म्हणून मधे काळ्या कार्डशीटची भिंत उभी करा. त्याच कार्डशीटची वीतभर नळी करून फ्लॅशच्या तोंडाला चिकटपट्टीनं बांधा, म्हणजे उजेडाचा पट्टा धुरातून आरपार जाईल आणि कापडाला शिवणार नाही.

आकडे हवेच असतील तर माझे हे: मॅन्युअल मोड (आकडे आपणच ठरवायचे), आयएसओ म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता १००, लेन्सच्या छिद्राचा आकडा एफ/८, शटर १/१६० सेकंद, फ्लॅशची ताकद पूर्ण ताकदीच्या १/१६. धूर फिका आला तर शटरशी झटापट करू नका. एवढ्या अंधारात शटरनं फ्लॅशचा उजेड बदलत नाही. फ्लॅश जवळ घ्या. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो. ताकद वाढवायचा मोह मात्र टाळा, कारण कमी ताकदीवर फ्लॅशची लखलख सेकंदाच्या हजाराव्या भागाहून पुष्कळ कमी वेळ टिकते आणि धुराची वळणं थिजतात ती तिच्यामुळे. पूर्ण ताकदीवर ती लांबते, कडा पुसट होतात, शिवाय फ्लॅश पुन्हा चार्ज व्हायला वेळ लागतो.

धुराला सुरुवात करण्याआधी फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढा. स्क्रीन ठार काळी दिसली पाहिजे. नंतर फ्लॅश चालू करून, पण अगरबत्ती न पेटवता, दुसरा. तोही ठार काळा. दुसऱ्यात करडं काही दिसलं तर उजेड कुठेतरी सांडतोय. नळी लांब करा नाहीतर कापड आणखी मागे न्या. हे दोन फोटो मी आजही चुकवत नाही.

फोकसला धूर दाद देत नाही, लेन्स नुसती पुढेमागे घरघरत राहते. अगरबत्तीच्या टोकावर एक पेन उभं धरा, त्यावर फोकस करा, मग लेन्स मॅन्युअलवर टाका आणि पुन्हा रिंगला हात लावू नका. माझ्या कॅमेऱ्यात एफ/८ ला एवढ्या अंतरावर चार-साडेचार सेंटीमीटर जाडीचा भाग स्पष्ट येतो. धूर त्यापेक्षा पुढेमागे झुलला तर तो फोटो गेला म्हणायचं. फार झुलत असेल तर एफ/११ करा, म्हणजे छिद्र लहान होऊन स्पष्ट भाग जाड होतो.

आता हवा, म्हणजे खरं काम. छताचा पंखा बंद केल्यावरही खोलीतली हवा बराच वेळ घुमत राहते. मी पंधरा मिनिटं आधी पंखा बंद करतो, खिडक्या लावतो, दाराच्या फटीला पंचा लावतो आणि घरात सांगून ठेवतो की दार उघडायचं नाही. पावसाळ्यात एरवी लाइट गेली की शिव्या घालतो. या कामात ती गेली तरी चालते, फ्लॅशच्या बॅटऱ्या तेवढ्या भरलेल्या हव्यात. घाम येतो, त्याला इलाज नाही. आपला श्वाससुद्धा दोन फुटांवरचा धूर हलवतो, म्हणून रिमोट घेऊन बाजूला बसायचं.

शांत हवेत धूर आधी दोऱ्यासारखा सरळ चढतो. चढता चढता त्याचा वेग वाढतो, मग तो डुलायला लागतो आणि आणखी वर विस्कटतो. पाण्याच्या प्रवाहातला हाच बदल ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑस्बोर्न रेनॉल्ड्सनं १८८३ मध्ये काचेच्या नळीत रंगाची धार सोडून दाखवला होता. आपल्या कामाची जागा म्हणजे सरळ दोरा संपल्यापासून गुंता होईपर्यंतची वीतभर उंची. फ्रेम तिथे धरा. खाली धरली तर नुसत्या रेघा मिळतात, वर धरली तर ढग.

दोरा फारच सरळ चढत असेल तर त्याला किंचित छेडायचं. हातभर अंतरावरून पोस्टकार्ड एकदाच, सावकाश हलवा आणि एक-दोन सेकंद थांबा. लाट पोचायला तेवढा वेळ लागतो. स्वयंपाकघरातला डाव धुराच्या वाटेत उलटा धरला की धूर त्याच्या कडेनं पसरतो आणि वर छत्रीसारखे पदर सुटतात. एतियन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञानं पॅरिसमध्ये १८९९ ते १९०१ च्या सुमारास हेच शास्त्र म्हणून केलं. काचेच्या खोक्यात धुराच्या समांतर रेघा सोडायच्या, वाटेत त्रिकोणी ठोकळे, तिरप्या पट्ट्या ठेवायच्या आणि मॅग्नेशियमच्या झगझगाटात फोटो घ्यायचा. त्याच्या शेवटच्या यंत्रात अशा ५७ रेघा होत्या. मी दोनवर थांबलोय: दोन अगरबत्त्या बोटभर अंतरावर ठेवल्या तर त्यांचे धूर एकमेकांकडे ओढले जातात आणि वर जाऊन त्यांची वेणी पडते. माझे सगळ्यात बरे फोटो त्या वेणीचेच आहेत.

अगरबत्ती साधी, बांबूच्या काडीची, बारीक घ्या. जाड धूप भरपूर धूर देतो, पण गठ्ठ्यानं.

बटण दाबून ठेवून धडाधड फोटो घेऊ नका. फ्लॅशला दम लागतो आणि निम्म्या फोटोंत अंधार येतो. धुराकडे बघत बसा, त्याची लय कळायला लागते. घडी पडायच्या क्षणभर आधी दाबायचं. दोनशेमध्ये चार-पाच राहिले तर रात्र सार्थकी लागली समजा. वीसेक मिनिटांत खोलीत धूर भरतो आणि काळेपणा पुन्हा राखाडीकडे झुकतो. तेव्हा अगरबत्ती विझवा, खिडक्या उघडा, दहा-पंधरा मिनिटं चहा. घरात दम्याचं कोणी असेल तर हा उद्योग घरात करूच नका. आणि लेन्सवर फिल्टर असू द्या. धुराचा चिकट थर काचेवर बसतोच.

फ्लॅश नसला तर कवडसा आहे. दुपारी खिडकीला पुठ्ठा लावून चार बोटांची फट ठेवा, मागे काळं कापड, आणि आयएसओ ४००, एफ/८, १/५०० पासून सुरुवात करा. मोबाइलवाल्यांनीही प्रो मोडमध्ये हेच करावं, फक्त छिद्राचा आकडा त्यांच्या हातात नसतो.

कॉम्प्युटरवर रॉ फाइल (कॅमेऱ्यानं संस्कार न केलेला मूळ फोटो) उघडली की काळा आणखी खाली ओढायचा, धुराचे उजळ पदर थोडे वर. धूळ दिसते ती एकेक करून पुसावी लागते. ताज्या धुराचा रंग मुळात निळसर असतो, कारण त्याचे बारीक कण निळा उजेड जास्त विखुरतात. वेगळा रंग हवा असेल तर आकाशकंदिलाचा जिलेटिन कागद नळीच्या तोंडाशी लावा. फ्लॅशच्या काचेला चिकटवू नका, वितळतो. सॉफ्टवेअरमध्ये रंगवण्यापेक्षा मला हे आवडतं, कारण दोन बाजूंना दोन फ्लॅश आणि दोन रंग ठेवले की पदर एकमेकांवर येतात तिथे रंग खरोखर मिसळतात.

अर्धा फोटो उलटवून शेजारी जोडायची युक्ती सगळे करतात. लगेच डोळे, सोंड, मुकुट दिसायला लागतात आणि बघणारा हात जोडतो. माझा असा एक 'गणपती' गिऱ्हाइकानं मागून नेला, पण मला तो फसवणुकीसारखा वाटतो. धुराला नाव मिळालं की त्याच्याकडे कोणी बघत नाही.

रंग उलटे करणं मात्र करून बघाच. काळं पांढरं होतं, निळसर धूर तपकिरी-केशरी, आणि कागदावर शाई ओघळल्यासारखं दिसतं. भिंतीवर लावायचं तर मी हेच छापतो. काळा फोटो काचेच्या फ्रेममध्ये घातला की त्यात समोरची ट्यूबलाइट आणि स्वतःचं तोंड दिसतं. काळाच हवा असेल तर १२ बाय १८ चा मॅट कागद घ्या, काच लावू नका, आणि लॅबमधून आधी छोटा नमुना मागवा. एका लॅबनं माझा काळा एकदा चॉकलेटी करून दिला होता.