पाण्यातून लोखंड वर काढताय? या चुका टाळा

हतनूर धरणाचं बॅकवॉटर उतरलं, गिरणा-पांझरेचे डोह आटले आणि गावोगाव विहिरींचा गाळ निघायला लागला की माझ्या मोबाइलवर फोटो येऊ लागतात. कुणाला तोफगोळा सापडलेला असतो, कुणाला तलवारीचं पातं, कुणाला नुसतंच गंजाचं ढेकूळ. खाली प्रश्न ठरलेला: "दादा, हे साफ कसं करायचं?" फोटोतली वस्तू मात्र ओट्यावर, एप्रिलच्या उन्हात, कोरडीठाक. सगळ्यात महागडी चूक विचारण्याआधीच करून झालेली असते.

वाळवणं

लोखंड पाण्यात बुडालेलं असताना हळूहळू गंजतं, कारण तिथे हवा कमी. पण तेवढ्या काळात पाण्यातले क्षार, विशेषतः क्लोराइड, गंजाच्या थराखाली थेट धातूपर्यंत जाऊन बसतात. वस्तू वर आली, वाळली, हवा लागली की हेच क्षार कामाला लागतात. नवा गंज जास्त जागा मागतो, म्हणून वरचा थर पापुद्र्यापापुद्र्याने सुटतो. समुद्रातल्या लोखंडात हा त्रास भयंकर असतो, आपल्या नदीतल्यात कमी. पण कमी म्हणजे नाही असं नव्हे.

याचा धडा घ्यायचा तर दोन पाणबुड्या शेजारी ठेवून बघा. पहिली ब्रिटिश नौदलाची 'हॉलंड १'. १९०१ साली पाण्यात उतरली, १९१३ मध्ये भंगारात विकून ओढून नेत असताना बुडाली आणि १९८२ मध्ये वर काढली. साफ केली, गंजरोधक रसायन मारलं आणि १९८३ मध्ये लोकांना दाखवायला ठेवली. दहा वर्षांत पत्रे आतून पोखरायला लागले. शेवटी तिच्याभोवती फायबरची टाकी बांधून ती सोडियम कार्बोनेटच्या, म्हणजे धुण्याच्या सोड्याच्या, द्रावणात काही वर्षं बुडवून ठेवावी लागली. म्हणजे जे पहिल्या दिवशी करायचं ते बारा-तेरा वर्षांनी, आणि तोवर झालेलं नुकसान वेगळंच.

दुसरी 'हनली'. अमेरिकेच्या यादवी युद्धात १७ फेब्रुवारी १८६४ च्या रात्री चार्ल्सटन बंदराबाहेर तिने 'हाउसाटॉनिक' ही युद्धनौका बुडवली. शत्रूचं जहाज बुडवणारी ही जगातली पहिली पाणबुडी. आठ जणांसह ती परत आलीच नाही. ८ ऑगस्ट २००० रोजी ती वर काढली आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेतल्या गार पाण्याच्या टाकीत ठेवली. आतलं उत्खनन, मोजमापं, ती सरळ करणं हे सगळं उरकून कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात क्षार काढायला सुरुवात करायला २०१४ उजाडलं. चौदा वर्षं! आणि आमच्याकडे पोरांना रविवारी सापडलेला गोळा सोमवारी स्टेटसवर चकचकीत हवा असतो.

माझी सवय अशी: गाडीच्या डिकीत ओलं गोणपाट आणि जाड प्लॅस्टिक कायम. वस्तू निघाली की त्यात गुंडाळायची, घरी आल्यावर झाकणाच्या प्लॅस्टिक ड्रममध्ये स्वच्छ पाण्यात बुडवायची आणि पाण्यात थोडा धुण्याचा सोडा टाकायचा. लांब पात्यासाठी दोन्ही टोकांना कॅप लावलेला पीव्हीसी पाइप छान चालतो, शेतात तुकडे पडलेलेच असतात. कॉस्टिक सोड्याच्या वाटेला घरी जाऊ नका, डोळ्यांवर बेततं. ॲल्युमिनियमचं भांडं अजिबात नको. हा फक्त थांबा आहे, उपचार नव्हे. उपचार संग्रहालयाच्या संवर्धकाने करायचा.

घासणं

याबद्दल मी जरा जास्तच बोलतो, असं लोक म्हणतात. बोलणारच.

पारोळ्याच्या बाजूला एका गढीच्या विहिरीतून छोटी तोफ निघाली. गावातल्या उत्साही मंडळींनी हायड्रा क्रेन बोलावली, तोफ वर घेतली आणि मी पोहोचेपर्यंत सर्व्हिसिंग सेंटरवरचा प्रेशर पंप मारून झाला होता. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून एक जण कामाला लागलेला. खाली सतरंजीवर काळी, चकाकती भुकटी साचत होती. तो म्हणाला, "बघा, किती मळ निघतोय." मी चिमूटभर बोटांवर चोळली. गुळगुळीत, पेन्सिलीच्या शिशासारखी.

तो मळ नव्हता. बिडाच्या, म्हणजे ओतीव, लोखंडात कार्बन ग्राफाइटच्या रूपात भरपूर असतो. वर्षानुवर्षं पाण्यात राहिल्यावर त्यातलं लोखंड झिजून निघून जातं आणि ग्राफाइटचा सांगाडा मागे उरतो. वस्तूचा मूळ पृष्ठभाग, त्यावरचे उठाव, आकडे, खुणा जे काही असेल ते याच मऊ थरात असतं. नखाने ओरखडा निघेल इतका मऊ. ग्राइंडरखाली तो दहा मिनिटांत जातो आणि खाली खड्डे पडलेला धातू लागतो. त्या तोफेवर काही कोरलेलं होतं की नव्हतं, हे आता कुणीच सांगू शकत नाही.

मी थांबवायचा प्रयत्न केला. उत्तर अहिराणीत मिळालं: "काही नही व्हत भाऊ, इतला वरीस टिकनी, आते काय व्हनार शे?" वर काळा ऑइलपेंट दिला, चौकात सिमेंटचा ओटा बांधला, नारळ फोडला. पहिल्याच पावसाळ्यात रंगाखालून नारिंगी थेंब पाझरायला लागले. मग फुगे आले, मग पोपडे. मंडळाने पुन्हा रंग दिला. आता दर वर्षी देतात आणि दर वर्षी पोपड्यांबरोबर थोडी तोफही पडते.

हनलीवरचा वाळू-शिंपल्यांचा दगडासारखा थर संवर्धकांनी हाताने, छोट्या छिन्न्या आणि हत्यारं घेऊन काढला. तोही आधी द्रावणात मऊ करून. ज्याला एवढा धीर नाही त्याने थर तसाच राहू द्यावा. गंजाचं ढेकूळ ही वस्तूची पेटी आहे. रस्ट रिमूव्हर, चिंच, लिंबू, फॉस्फोरिक ॲसिड याबद्दल मला विचारू नका, मी फोन ठेवून देतो.

गाळ फेकून देणं

'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना शेतकऱ्यासाठी चांगली, माझी तक्रार नाही. पण वस्तू निघालेल्या जागेचा गाळ तरी ट्रॉलीत भरू नका. हनलीच्या पोटात गाळ ठासून भरला होता. तो थराथराने, हलक्या हाताने काढला, म्हणून २००१ मध्ये तिचा कप्तान डिक्सन याच्या सांगाड्याजवळ वाकलेलं वीस डॉलरचं सोन्याचं नाणं सापडलं. त्याच यादवी युद्धातल्या शायलोच्या लढाईत त्याला लागलेली गोळी याच नाण्याने अडवली, अशी दंतकथा होती. नाण्यावर कोरलेली तारीख निघाली ६ एप्रिल १८६२. दंतकथा खरी ठरली ती गाळ फेकून न दिल्यामुळे. खलाशी आपापल्या जागीच होते, बाहेर पडायला धडपडले नव्हते, हेही कळलं ते हाडं जागच्या जागी नोंदवली म्हणूनच.

थर म्हणजे काय हे खान्देशाला कुणी शिकवायला नको. तापीकाठी प्रकाशे इथे १९५५ मध्ये पुरातत्त्वज्ञ थापरांनी केलेल्या उत्खननात ताम्रपाषाण काळापासून वरपर्यंतचा क्रम थरांवरूनच लावला. मी धान्याची चाळणी नेतो, बादलीवर नंबर घालतो, खोली टेपने मोजतो. सोबतची पोरं कंटाळतात. कंटाळू द्या.

बाकीच्या, थोडक्यात

वस्तू तिरकी पडली असेल तर तिरकीच उचला. हनली पंचेचाळीस अंशांत कललेली होती. पट्ट्यांवरच्या पिशव्यांत फोम भरून तिला तशीच उचलली आणि सरळ केली ती २०११ मध्ये.

दोर एका जागी बांधून ओढू नका. गंजलेला धातू तिथेच तुटतो.

फोटोत मोजपट्टी ठेवा. चप्पल ठेवून काढलेले फोटो मी बघत नाही.

गोष्ट आधी रचू नका. हनली जुन्या बॉयलरपासून बनवली असं शंभर वर्षं छापलं गेलं. वर काढल्यावर दिसली ती मुद्दाम घडवलेली, निमुळती, पाणी कापणारी नौका. खलाशी नेमके कशाने मेले यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही, आणि आपल्याकडे गोळा सापडला की संध्याकाळपर्यंत तो कुठल्या लढाईतला ते ठरलेलं असतं.

गोळा पोकळ असेल, एखादं भोक बुजवल्यासारखं दिसत असेल, तर हात लावू नका. आत दारू असू शकते. पोलिसांना बोलवा.

आणि लपवू नका. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. अर्ज तहसीलमध्ये दिला तर पोच घ्या, आणि उत्तर येईपर्यंत ड्रममधलं पाणी आटू देऊ नका. जळगावच्या मे महिन्यात ते रोज बघावं लागतं.