धवळे उतरवून घेताना: बार्टोकची रीत, घणसोलीचं अंगण

मी कोपरखैरण्याला बासरी शिकवते. माहेर घणसोली गाव, घर आगरी, आणि माझी आत्या धवलारीण, म्हणजे लग्नात धवळे, विधींची गाणी, म्हणणारी बाई. आमच्याकडे लग्नात मांडवापासून पुढे प्रत्येक विधीला धवळा लागतो आणि तो धवलारणीनेच धरायचा असतो. हल्ली शिकवणीला येणारी मुलं विचारतात, "ताई, आजीची गाणी मोबाइलवर घेऊन ठेवायचीत, कशी घेऊ?" त्यांच्यासाठी आणि ज्यांच्या घरात अजून एखादी गाणारी बाई आहे त्या सगळ्यांसाठी हे लिहितेय.

गाणी उतरवून घ्यायची ही रीत मी घेतली ती हंगेरियन अभ्यासकांकडून. बेला बार्टोक (१८८१–१९४५) आणि झोल्तान कोडाय (१८८२–१९६७) हे दोघं १९०५ साली भेटले आणि पुढच्याच वर्षापासून एडिसनचा फोनोग्राफ घेऊन खेडोपाडी फिरू लागले. मेणाच्या नळकांड्यावर जेमतेम दोन-चार मिनिटं गाणं मावायचं. दोघंही मोठे संगीतकार, पण शेतकरणीसमोर बसून ती जे गाते तेच कागदावर उतरवायची शिस्त त्यांनी स्वतःला लावून घेतली. पहिल्या महायुद्धात हरलेल्या हंगेरीवर लादलेल्या १९२० च्या त्रियानों तहानंतर त्यांनी पालथ्या घातलेल्या मुलखाचा मोठा भाग रोमानिया, चेकोस्लोव्हाकिया आणि युगोस्लाव्हियात गेला. माणसं आपापल्या गावातच राहिली आणि अल्पसंख्य झाली. पुढचं काम मग त्या अल्पसंख्य हंगेरियनांमधल्याच अभ्यासकांनी उचललं. रोमानियात गेलेल्या क्लुज शहराचे यानोश यागामाश त्यांतले एक. त्यांनी आणि योझेफ फारागो यांनी रोमानियाच्या मोल्दाव्हिया भागातल्या चांगो लोकांची, म्हणजे तिथल्या हंगेरियन वंशाच्या लोकांची, गाणी १९५४ साली छापून आणली. हे चांगो लोक 'फुरुया' नावाची बासरी वाजवतात. ती उभी धरायची, छिद्रं आपल्या बासरीसारखीच सहा, आणि त्यांच्यातले काही वादक फुंकता फुंकता घशातून घुमतात, त्यामुळे सुराखाली दुसरा जाडसर सूर ऐकू येतो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा लावून बसले होते.

घणसोलीच्या माणसाला या इतिहासात नवखं काही वाटत नाही. १९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली, ९५ गावांच्या जमिनी गेल्या, आणि गाव जागच्या जागी राहून नोडच्या, म्हणजे नव्या शहरी वस्तीच्या, मधोमध आलं. हळदीला आता डीजे आणि बेंजो पार्टी असते. धवलारीण मांडवात असते, पण तिचा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंत पोचत नाही. म्हणून लग्नात रेकॉर्डिंग करायला जाऊच नका. घरी जा.

जाण्याआधी

दुपारची जेवणं उरकल्यावरची वेळ धरा. ओटीवर बसलात तर ठाणे-बेलापूर रस्ता आणि लोकलचा भोंगा दोन्ही रेकॉर्डिंगमध्ये येतील, तेव्हा आतल्या खोलीत बसा, जिथे गाद्या-गोधड्यांची चळत असते तिथे. कापूस आवाज शोषतो. पंखा बंद, फ्रिज शेजारी असेल तर तोही. फोन एअरप्लेन मोडवर टाका, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा, तोंडापासून हातभर लांब आणि थोडा बाजूला. रेकॉर्डर अ‍ॅपमध्ये वेव्ह (WAV, आवाज न दाबता साठवणारी) फाइलचा पर्याय असेल तर तोच निवडा. ज्या बाईंकडे जाताय त्यांचा मान ठेवा. आमच्यात धवलारणीला लुगडं देतात. साडी आणि ओटी घेऊन गेलात तर कुणी शिकवल्यासारखं वाटणार नाही, रीतीतलंच वाटेल.

तानपुऱ्याचं अ‍ॅप मात्र लावू नका. शास्त्रीय शिकलेल्यांचा हात तिकडे आपोआप जातो. सूर लावून दिला की गाणारी त्या सुराला धरून गायला बघते आणि तिचं स्वतःचं गाणं तिथेच वाकतं. आत्या कधी पेटीच्या पांढरी पाच पट्टीवर सुरू करते, कधी काळी चारवर. कुठून धरते आणि गाता गाता किती चढते, तेही टिपण्यासारखंच आहे.

माहेर विचारा

बार्टोक प्रत्येक चालीसोबत गाणाऱ्याचं नाव, वय, गाव आणि तारीख लिहायचा. आपल्याकडे यात एक प्रश्न वाढवायलाच हवा: माहेर कुठलं? आणि ज्यांच्याकडून गाणं घेतलं त्यांचं माहेर कुठलं? बायकांची गाणी लग्न होऊन गावोगाव जातात. माझी आत्या दिली रबाळ्याला, म्हणून तिचे धवळे रबाळ्याचे म्हणून लिहिले तर सगळंच फसतं. ती शिकली माझ्या आजीकडून, आणि आजी उरणकडची. वहीत हे तिन्ही गाव यायला हवेत.

विधीही लिहा. मांडव घालतानाचा धवळा, हळद लागतानाचा, नवरदेव निघतानाचा. काही जणी लग्नाबाहेर धवळा म्हणायला तयार नसतात. तिथे आग्रह करू नका. शब्द सांगा म्हटलं तर सांगतात, आणि सांगता सांगता चाल आपसूक येते.

कडवी सगळी घ्या. नळकांड्यावर बार्टोकला एक-दोन कडव्यांत आवरावं लागे, आपल्याला ती अडचण नाही. पहिल्या कडव्यात आवाज चाचपडत असतो, तिसऱ्या-चौथ्यात चाल स्थिरावते, आणि शब्द लांब असला की बाई सूर कसा मोडून बसवते ते पुढच्या कडव्यांत कळतं. आधी एकटीला गाऊ द्या, मग झील धरणाऱ्या, म्हणजे मागून ओळ उचलणाऱ्या, दोघी-तिघी मिळाल्या तर पुन्हा. झील आली की दोघींचे श्वास एकमेकींवर चढतात आणि ओळ तुटतच नाही, गाणं निराळंच होतं. शेवटी, गाणं संपलं तरी रेकॉर्डिंग बंद करू नका. "ह्या गान्याला आमची आई रडायची" असली वाक्यं त्यानंतर येतात.

कागदावर उतरवताना

भातखंडे लिपी (सा-रे-ग लिहायची पद्धत) येत असेल तर तीच वापरा. फोनवरची फाइल लॅपटॉपवर घ्या, ऑडासिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये वेग निम्म्यावर आणा, एकेक ओळ घ्या. आधी हे ठरवा की लय मोकळी आहे की बांधलेली. बार्टोकने हा भेद पक्का केला होता: एक बोलल्यासारखं, शब्दाच्या वजनावर चालणारं गाणं, दुसरं पायाच्या ठेक्यावरचं. मांडवाचा धवळा बहुतेक पहिल्या जातीचा. त्याला दादरा-केरवा तालांत कोंबलंत तर अर्धे स्वर चुकीच्या जागी जाऊन बसतील. मात्रांच्या रेघा न मारता श्वासाच्या जागी उभी रेघ ओढा.

आता बासरी काढा. माझ्या मते हे काम पेटीवर करूच नये. पेटीत कोमल ग आणि शुद्ध ग यांच्यामध्ये काहीच नसतं. बासरीवर वरची तीन छिद्रं बंद म्हणजे सा, दोन बंद म्हणजे रे, एक बंद म्हणजे शुद्ध ग, आणि दुसरं छिद्र अर्धं झाकलं की कोमल ग. आत्याचा ग या दोघांच्या मधला आहे. तो शोधायला मी पहिलं छिद्र बंद ठेवते, दुसऱ्यावरचं बोट उचलत नाही, नुसतं बाहेरच्या बाजूला सरकवत नेते, आणि रेकॉर्डिंगमधला सूर बासरीच्या सुरात विरघळला की थांबते. बोटाखाली छिद्राचा अर्ध्याहून थोडा जास्त भाग उघडा असतो. कागदावर मी कोमल ग लिहून वर लहानसा बाण काढते. बार्टोकही असे बाण काढायचा, सूर किंचित चढा असेल तर वर, उतरता असेल तर खाली. 'आजीचा सूर ढळला' असं म्हणून तो स्वर दुरुस्त करण्याआधी सगळी कडवी ऐका. प्रत्येक वेळी तो तिथेच लागत असेल तर तो तिचा स्वर आहे.

उतरवलेलं तिलाच वाजवून दाखवा. आत्या डोळे मिटून ऐकते, मधेच हात वर करते, "तसा नाय गो," आणि गाऊन दाखवते. ही तपासणी दुसरं कुणी करू शकत नाही.

सा ठरवायची घाई

१९०७ साली बार्टोक ट्रान्सिल्व्हानियातल्या चीक भागात गेला तेव्हा त्याला पाच स्वरांच्या जुन्या चाली सापडल्या. त्यांतले स्वर आपल्या भाषेत सा, कोमल ग, म, प, कोमल नि. माझा कुठलाही विद्यार्थी ऐकताच "राग धानी!" म्हणेल. स्वर तेच आहेत, पण चाल वरून पायरी-पायरीने खाली उतरते आणि रागाचं चलन तिच्यात नाही. धवळ्यांचंही हेच होतं. रागाचं नाव मनात आलं की कान त्या रागात नसलेला स्वर ऐकूच देत नाही. नाव वहीत लिहू नका.

मग तुलना कशी करायची? बार्टोकने फिनलंडच्या इल्मारी क्रोनची युक्ती सुधारून वापरली: प्रत्येक चाल अशी लिहायची की तिचा शेवटचा स्वर एकच यावा. त्याने त्यासाठी जी हा स्वर धरला. मी शेवटच्या स्वराला सा म्हणते, मग तो गाण्याचा खरा षड्ज (सा) असो वा नसो, आणि मूळ पट्टी कोपऱ्यात लिहून ठेवते. त्यानंतर प्रत्येक ओळ कुठे थांबते ते मोजायचं. करावे गावातल्या एका मावशींचा हळदीचा धवळा आणि आत्याचा मांडवाचा धवळा असे शेजारी ठेवले तेव्हा शब्द वेगळे, विधी वेगळा, पण ओळींचे थांबे तेच निघाले. मावशींना फोन करून त्यांच्या आईचं माहेर विचारलं. तेही उरणकडचं.

मूळ फाइलला हात लावू नका. आवाज स्वच्छ करायचा, कापायचं, ते सगळं प्रतीवर. बार्टोक १९३४ ते १९४० या काळात बुडापेस्टच्या विज्ञान अकादमीत बसून जुनी रेकॉर्डिंगं पुन्हा ऐकत होता आणि आपलंच जुनं लेखन नव्याने बारकाईने लिहीत होता. मूळ नळकांडी जागेवर होती म्हणून ते जमलं. फाइलच्या नावात तारीख, गाव, विधी लिहा. एक प्रत गाणारीच्या घरी द्या. तिला पेनड्राइव्हचा उपयोग नसेल तर नातवाच्या फोनवर. यूट्यूबवर टाकण्याआधी गाणंगणिक विचारा, एकदाच सरसकट परवानगी घेऊ नका. आत्याने दोन धवळ्यांना नाही म्हटलंय, ते मी कुठेही टाकलेले नाहीत.

जायचं असेल तर दिवाळीच्या आत जा. तुळशीचं लग्न लागलं की धवलारीण घरी सापडत नाही.