घराचा परवाना काढताना या चुका टाळा: जोत्यापर्यंत जे जमते ते स्लॅबनंतर जमत नाही

उन्हाळा लागला की लातूर, जालना, परभणी, बीड, कुठल्याही गावाबाहेरच्या प्लॉटिंगमध्ये चुन्याच्या रेघा दिसायला लागतात. मिरग निघायच्या आत स्लॅब टाकायचा असतो, मुहूर्त काढलेला असतो, गुत्तेदाराने माणसे आणून ठेवलेली असतात. नकाशा मात्र अजून मंजूर झालेला नसतो. "साहेब, फाइल तर टाकलीय, तोवर खोदून घेऊ की!" हे वाक्य मी इंजिनिअर म्हणून दर हंगामात ऐकतो आणि दर वेळी चीड येते, कारण यातली निम्मी माणसे पुढे वर्षभर कार्यालयाच्या पायऱ्या झिजवताना दिसतात.

शेजाऱ्याच्या कंपाउंडवरून आखणी

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. मोजणी न करता, शेजाऱ्याची भिंत हीच हद्द धरून दोरी लावायची.

लातूरच्या एका वाढीव वस्तीतले सेवानिवृत्त गुरुजी. दोघा भावांचा मिळून पन्नास बाय ऐंशीचा प्लॉट. नकाशा रीतसर मंजूर, दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर जागा सोडलेली. अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर गुत्तेदाराने आखणी केली, ती शेजाऱ्याच्या कंपाउंडपासून दीड मीटर टेप लावून. ते कंपाउंडच गुरुजींच्या प्लॉटमध्ये चाळीस सेंटिमीटर आत बांधलेले होते. म्हणजे अख्खे घर तेवढे सरकले आणि पलीकडच्या बाजूला दीड मीटरऐवजी एक मीटर दहा सेंटिमीटर उरले. जोते झाल्याची सूचना कार्यालयात द्यायला कोणी गेलेच नाही. "मागून देऊ, काही होत नाही," असे गुत्तेदार म्हणाला. वर दोन स्लॅब पडले, प्लास्टर झाले, फरशी बसली.

भोगवटा प्रमाणपत्रासाठी, म्हणजे घर मंजूर नकाशाप्रमाणे पूर्ण झाल्याच्या दाखल्यासाठी, अर्ज केला तेव्हा जागेवर टेप लागला. प्रमाणपत्र अडले, त्याच्यामागे बँकेने कर्जाचा शेवटचा हप्ता अडवला. गुरुजी माझ्याकडे आले ते तेव्हा. मोजणी करून घेतली, शेजाऱ्याची भिंत आत असल्याचे सिद्ध झाले, पण त्याने काय फरक पडणार? ती भिंत पाडली तरी घर थोडेच सरकते. शेवटी पलीकडे बाहेर आलेले न्हाणीघर आणि जिन्याचा भाग तोडून आत घ्यावा लागला, सुधारित नकाशा टाकावा लागला. निवृत्तीच्या पैशांतून केलेल्या नव्याकोऱ्या फरशीवर ब्रेकर चालताना गुरुजींच्या घरच्या बाई दारात उभ्या होत्या. हीच गोष्ट जोत्याला लक्षात आली असती तर दोन कॉलम आणि थोडी दगडमाती एवढ्यावर भागले असते.

म्हणून माझी पद्धत ठरलेली आहे. आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज. तारखेला वेळ लागतो, लागू दे. मोजणीची 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात आली की हद्दीच्या खुणांवर दगड रोवून त्यांना लाल रंग देतो. आखणी फक्त त्या दगडांपासून. दोन्ही कर्ण मोजतो, ते सारखे आल्याशिवाय चुना टाकू देत नाही. चारही बाजूंना टेप धरून, आकडे वाचता येतील असे फोटो काढतो. फुटिंगवर, म्हणजे कॉलमखालच्या पायावर, कॉलम उभे राहिले की पुन्हा तीच मापे, आणि जोते झाले की सूचना देऊन पावती फाइलला. त्याशिवाय वरचे काम माझ्या साइटवर सुरू होत नाही. गुत्तेदार कुरकुरतात. ज्याला घाई आहे त्याने दुसरा इंजिनिअर बघावा.

"छोट्या प्लॉटला परवानगी लागतच नाही"

डिसेंबर २०२० मध्ये एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली आली तेव्हापासून ही अफवा गावोगाव फिरते आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला सूट आहे ती मंजुरीची वाट बघण्यातून. मालकीचे कागद, परवानाधारक माणसाच्या सहीचा नकाशा आणि शुल्क हे दाखल करायचेच असते, आणि शुल्क भरल्याची पावती हीच मग परवानगी ठरते. १५० ते ३०० चौरस मीटरला दहा दिवसांत परवानगी द्यायची तरतूद आहे. सोडायची जागा, उंची, एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधता येते ते प्रमाण) यातले काहीही माफ नाही. उलट इथे कार्यालयातून कोणी तपासून देत नाही, म्हणून नकाशा करणाऱ्याची आणि मालकाची जबाबदारी वाढते.

तसेच ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चे. घराला कर लागला, उतारा मिळाला, म्हणजे बांधकाम अधिकृत झाले असे लोक छातीठोक सांगतात. तो कर आकारणीचा उतारा आहे, परवानगी नव्हे.

आणि गुंठेवारी, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडून विकलेले प्लॉट. "आधी बांधू, मग गुंठेवारीत नियमित करून घेऊ" हा सल्ला छत्रपती संभाजीनगरात चहाच्या टपरीवरसुद्धा मिळतो. कायदा २००१ चा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना दिली. आज पाया खोदणाऱ्याने त्याच्या भरवशावर आयुष्याची कमाई लावू नये.

सातबाऱ्याची उजवी बाजू न वाचणे

आपला भाग निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे इनाम, मदतमाश (तेही एक प्रकारचे इनामच), कूळ, वक्फ अशा नोंदी 'इतर हक्का'त अजूनही निघतात. भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे विकायला सरकारी अटी असलेली, जमीन असेल तर प्लॉट विकत घेण्याआधीच सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीचे बघा. नकाशाचे पैसे मला देण्याआधी जुने फेरफार काढून आणा, मी आधी तेच वाचतो.

लोखंड न दाखवता काँक्रीट ओतणे

परवान्यासाठी लागते म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घ्यायची आणि त्याचे ड्रॉइंग गुंडाळून कपाटावर टाकायचे, हे मला अजिबात सहन होत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट किल्लारी-सास्तूरच्या लोकांना विचारा. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली, जवळजवळ दहा हजार माणसे गेली. त्याच मातीवर आपण आज कॉलमचे लोखंड मिस्त्रीच्या अंदाजाने बांधतो.

सेंट्रिंग झाल्यावर, काँक्रीटच्या आदल्या दिवशी, ज्याची सही आहे त्याला साइटवर बोलवा. कॉलमच्या उभ्या सळयांभोवती बांधलेल्या रिंगांची टोके बघायला सांगा. ती १३५ अंशांत वळून आत गेलेली हवीत. बहुतेक ठिकाणी काटकोनात वाकवून सोडलेली असतात, कारण हात भराभर चालतो. भूकंपाच्या हिसक्यात काँक्रीटचे बाहेरचे आवरण सुटते, तशी अशी रिंग उघडते आणि कॉलमच्या उभ्या सळया बाहेर फुगतात. पायाचा खड्डाही असाच दाखवून घ्या. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ती संपून घट्ट मुरूम लागेपर्यंत खाली जा, तो फारच खोल असेल तर पाइलचा, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांच्या पायाचा, विचार करा. "पाच फुटांवर थांबू" हे गुत्तेदाराने ठरवायचे नाही.

थोडक्यात बाकीच्या

११ केव्हीची तार प्लॉटजवळून जात असेल तर बांधकामापासून आडवे किमान १.२ मीटर आणि उभे ३.७ मीटर अंतर लागते. गॅलरी मोजायची विसरू नका.

बीबी का मकबरा, दौलताबाद किल्ला अशा केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरांत नवे बांधकाम होत नाही. त्यापुढच्या २०० मीटरांत वेगळी परवानगी लागते.

५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटला पाऊसपाणी संकलन सक्तीचे आहे. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणलेल्या लातुरात तरी लहान प्लॉटवाल्यांनीही ते आपणहून करावे.

वर्षभरात काम जोत्यापर्यंत आले नाही तर मुदत संपण्याआधी परवानगीचे नूतनीकरण करा.

बांधता बांधता खोली वाढवावीशी वाटली, जिना फिरवावासा वाटला, तर आधी सुधारित नकाशा टाका आणि मग वीट लावा. मंजूर नकाशाची एक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून साइटवरच्या सिमेंटच्या खोलीत टांगून ठेवा, म्हणजे मिस्त्री तोंडी निरोपावर भिंत उचलणार नाही.