पटकथेची कल्पना अडली? जॉनर बदलून पाहा

‘गावात मुक्कामी येणाऱ्या एसटीवर सिनेमा करायचाय.’ इथवर बरेच जण येतात आणि अडकतात, कारण हा नुसता विषय आहे, गोष्ट नाही. पटकथेला हात लावण्याआधी एवढं करा.

१. तोच विषय वेगवेगळ्या जॉनरमध्ये एकेका वाक्यात लिहा.
रहस्य: पहाटे कंडक्टरची पैशांची बॅग गायब, आणि रात्रभरात गावाबाहेर कोणीच गेलेलं नाही.
भय: शेवटच्या थांब्यावर रोज तिकिटांपेक्षा एक प्रवासी जास्त उतरतो.
विनोद: गाडी कुणाच्या दारात लावायची यावरून दोन भावक्या भिडतात.

२. प्रत्येक वाक्याखाली प्रेक्षक कशाची वाट पाहील ते लिहा. रहस्यात ‘कोणी केलं?’, भयपटात ‘कोण वाचेल?’. उत्तर सुचलं नाही तर ते वाक्य खोडा.

३. ज्या वाक्यातून पाच-सहा प्रसंग आपोआप पुढे येतात, ते धरा.

सहज सुचणारा जॉनर मी तरी शेवटी लिहितो. दादासाहेब फाळक्यांची धडपड म्हटली की गंभीर चरित्रपटच डोळ्यांसमोर येतो. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ने (२००९) ती विनोदी अंगाने मांडली आणि त्यांचं झपाटलेपण फार जवळचं वाटलं.

एक जपा: दोन जॉनर आवडले तरी मुख्य एकच ठेवा. बॅग कोणी नेली हा मुख्य प्रश्न असेल, तर भावक्यांचं भांडण त्या शोधात अडथळा आणण्यापुरतंच येऊ द्या.